वाट उरली, आसरा गेला

वेल्समधील ‘कॉइड अ ब्रेनिन’ या सरकारी वनातील पर्यटक केंद्राचे दार मार्च २०२५च्या अखेरीस बंद झाले. त्याच निर्णयाने लाल घारींसाठी प्रसिद्ध असलेल्या नान्त अर आरियन येथील आणि समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांजवळील अनिस्लास येथील केंद्रांवरही पडदा पडला. बातमी म्हणून तिचे वजन फारसे नव्हते. एका लहान देशातील तीन उपाहारगृहे आणि तीन दुकाने तोट्यात होती, ती थांबविण्यात आली, असे दोन ओळींत सांगता येते. तरीही या निर्णयाविरुद्ध हजारो लोकांनी सह्या केल्या, ‘कारू कॉइड अ ब्रेनिन’ नावाचा स्थानिक गट उभा राहिला आणि वेल्सच्या विधिमंडळात, म्हणजे सेनेदमध्ये, त्यावर चर्चा घडली. चहा-बिस्किटांच्या टपरीसाठी एवढा गहजब कोणी करीत नाही. लोकांना काय गमावल्यासारखे वाटले, हे समजून घेण्यासाठी त्या वनातून जाणाऱ्या सायकलवाटांकडे पाहावे लागते.

कॉइड अ ब्रेनिन म्हणजे राजाचे वन. उत्तर वेल्सच्या ग्विनेद परगण्यात, डोल्गेथ्लाय या दगडी घरांच्या गावाच्या उत्तरेस ते पसरले आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाची तीव्र टंचाई भासली. तिच्यावर उपाय म्हणून १९१९ साली वन आयोग स्थापन झाला आणि या आयोगाने डोंगरउतार व माळराने विकत घेऊन त्यांवर सूचिपर्णी वृक्षांच्या रांगा लावल्या. जुन्या जमीनदारीतील हे रान १९२२ मध्ये आयोगाकडे आले आणि पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३५ साली त्याला आजचे नाव मिळाले. लाकूड तोडायचे, विकायचे, पुन्हा लावायचे, एवढाच त्या रानाचा कित्येक दशके उद्योग होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यास दाविद डेव्हिस या वनकर्मचाऱ्याने तेथे खास माउंटन बाइकसाठी वाट आखली. लाकडाच्या ट्रकसाठी केलेल्या रस्त्यांवर सायकलींना मुभा देणे वेगळे आणि झाडांमधून वळणे घेत, दगड बसवीत, चढउताराचे गणित मांडीत सायकलसाठीच वाट बांधणे वेगळे. ब्रिटनमधील अशा खास बांधलेल्या ट्रेल केंद्रांचा आरंभ येथून झाला, असे मानले जाते. पुढे डेव्हिस यांना त्यासाठी राजसन्मानही मिळाला.

या वाटा रंगांनी ओळखल्या जातात. हिरवी वाट रुंद व सौम्य असते आणि प्रथमच सायकल हाती घेणाऱ्या मुलांनाही ती झेपते. निळीवर चढ आणि वळणे येतात, पण समोरचा प्रत्येक उंचवटा चाक जमिनीवर टेकवूनच पार करता यावा, असा तिचा सर्वसाधारण दंडक आहे. लाल वाटेवर खडक, मुळे आणि तीव्र उतार भेटतात. काळ्या वाटेवर जाणाऱ्याने स्वतःची कुवत ओळखलेली असावी लागते. बर्फावरील घसरपट्ट्यांकडून उचललेली ही रंगपद्धती साधी दिसते, पण तिच्यात एक सामाजिक करार दडलेला आहे. दहा वर्षांची मुलगी आणि जागतिक स्पर्धेचा खेळाडू एकाच वाहनतळावर उतरतात, एकाच फलकापुढे उभे राहतात आणि आपापल्या रंगाने रानात शिरतात. कॉइड अ ब्रेनिनमधील ‘मिनॉर-टॉर’ ही निळी वाट तर हातांनी चालविण्याच्या आणि तीन-चार चाकी सायकलींचाही विचार करून बांधली आहे. कंबरेखाली बळ नसलेल्या माणसाला खऱ्या जंगलात, खऱ्या चढावर, कोणी ढकलल्यावाचून जाता यावे, ही त्यामागील कल्पना. त्यासाठी वळणाची रुंदी, उताराचा आडवा कल आणि दोन दगडांमधले अंतर या गोष्टी बोटांवर मोजून ठरवाव्या लागतात.

अशी वाट बांधणे हे पाण्याचे काम आहे. डोंगरवाट चाकांनी कमी झिजते आणि वाहत्या पाण्याने अधिक. म्हणून कुशल बांधणारा वाट सरळ उताराने खाली सोडत नाही. तो समपातळीच्या रेषेला धरून तिला तिरकी नेतो, बाहेरच्या बाजूला किंचित कल देतो आणि ठरावीक अंतराने उतार मध्येच मोडून लहानसा चढ घालतो. त्या खळग्यातून पाणी वाटेबाहेर पडते. भातशेतीचे बांध आणि कुळागराचे पाट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. मात्र हे सारे दरवर्षी पुन्हा करावे लागते. पाचोळा खळग्यात साचतो, एक निचरा तुंबतो, पाणी वाटेवरच धावू लागते आणि पाहता पाहता निळी वाट लाल होते. तिचा फलक मात्र निळाच राहतो.

इथे निर्णयाच्या मुळाशी जाता येते. ‘नॅचरल रिसोर्सेस वेल्स’ ही संस्था २०१३ साली तीन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून झाली. वने, नद्यांचे प्रदूषण, पुराचे इशारे, संरक्षित क्षेत्रे असा सारा कारभार तिच्याकडे आहे. सुमारे १ कोटी ३० लाख पौंडांची तूट भरून काढायची असल्याने कायद्याने बंधनकारक असलेली कामे आधी आणि उपाहारगृहे चालविणे नंतर, अशी भूमिका तिने घेतली. या भूमिकेत अतार्किक काही नाही. नदीत मैला मिसळत असताना सरकारी संस्थेने केक विकत बसावे, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय वाटा, वाहनतळ आणि स्वच्छतागृहे खुली राहतील, हेही तिने स्पष्ट केले होते.

अडचण वेगळीच आहे. काळ्या वाटेवर जाणाऱ्या तरबेज सायकलस्वाराला केंद्राची गरज नसते. त्याच्याकडे नकाशा, हत्यारे, सुटी ट्यूब आणि थर्मास असतो. गरज असते ती हिरव्या आणि निळ्या वाटेवरच्यांना. वेल्समधील पाऊस मनात येईल तेव्हा कोसळतो. थंडीने कुडकुडणाऱ्या मुलाला आत नेऊन बसविण्याची ऊबदार जागा, अपंग सायकलस्वाराला कपडे बदलण्याची सोय, ‘आज पलीकडचा उतार निसरडा आहे, त्या अंगाने जाऊ नका’ असे सांगणारा माणूस, कोणी वेळेत परतले नाही तर शोध घेणारे डोळे, हे सारे त्या इमारतीत होते. सर्व कुवतींच्या लोकांसाठी वाटा, हे वाक्य फलकावर रंगवून खरे होत नाही. ते अशा किरकोळ भासणाऱ्या सोयींनी खरे होते. जमाखर्चाच्या वहीत वाट ‘मत्ता’ म्हणून राहते आणि आसरा ‘तोटा’ म्हणून जातो. परिणामी वन खुले राहते, पण त्यात येणाऱ्यांची जात हळूहळू बदलते. तरुण, धडधाकट, स्वतःची महागडी सायकल असलेले तेवढे उरतात. कपातीचा भार नेमका कोणावर पडला, हे कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

मग हे लोक दुसरीकडे का जात नाहीत? वेल्समध्ये डोंगरांना आणि माळांना तोटा नाही. याचे उत्तर कायद्यात आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील शेकडो कामगार किंडर स्काउट या पठारावर मालकाची बंदी मोडून चढले आणि त्यांपैकी पाच जण तुरुंगात गेले. त्या लढ्याचे दूरचे फळ म्हणून २००० साली इंग्लंड-वेल्समध्ये मोकळ्या डोंगरांवर आणि मूरवर फिरण्याचा हक्क मिळाला, तो मात्र पायी चालणाऱ्यांना. सायकलीला १९६८च्या कायद्याने घोडेवाटांवर परवानगी आहे, तीही पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट देण्याच्या अटीवर. साध्या पायवाटांवर तिला हक्क नाही. स्कॉटलंडने २००३च्या भूमिसुधारणा कायद्याने निराळा मार्ग धरला आणि जबाबदारीने वागण्याच्या अटीवर सायकलीसह सर्व विनामोटार प्रवासाला बहुतेक जमीन खुली केली. सीमेच्या एका बाजूला जे हक्काने मिळते, ते दुसऱ्या बाजूला सरकारी वनाच्या मर्जीवर अवलंबून आहे. म्हणूनच वेल्समध्ये सरकारी वनाने अंग काढून घेतले की पर्याय फार उरत नाहीत.

तथापि मूर सर्वांना सरसकट खुला करावा, अशी मागणीही तपासूनच घ्यावी लागेल. मूर म्हणजे हेदरच्या खुरट्या झुडपांनी झाकलेले, उंचावरचे, बहुधा पाणथळ माळरान. पावसाने वाढणारे, वाऱ्याने झोडपलेले. त्याखाली पीट असते, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो वर्षाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने साठतो. सायकलींच्या चाकांनी ओल्या पीटमध्ये वीतभर खोल चरी पडली, तर दोनेकशे वर्षांचा ठेवा एका हिवाळ्यात वाहून जातो. त्यात साठलेला कार्बनही हवेत जातो. जमिनीवर घरटी करणारे पक्षी वसंतात याच माळांवर असतात. स्कॉटलंडमध्ये कॅपरकेली या रानकोंबड्याच्या कुळातील मोठ्या पक्ष्याची संख्या साडेपाचशेच्या आसपास उरली असून, पाइनच्या जुन्या वनातील चोरट्या सायकलवाटा हा तेथील वादाचा एक विषय आहे. हक्क मिळाला म्हणून प्रश्न संपला, असे स्कॉटलंडमध्येही झालेले नाही. (याच मूरवर ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी हेदर जाळणारे जमीनमालक सायकलस्वारांना निसर्गरक्षणाचे धडे देतात, तो विनोद निराळा.)

बांधलेल्या वाटेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. दगडाने घट्ट केलेली, निचरा असलेली एक वाट शंभर चाकांना एका ओळीत धरून ठेवते. ती नसेल तर शंभर चाके शंभर ठिकाणी जमीन उकरतात. आणि ब्रिटनमधील अशा बहुतेक वाटा प्राचीन वनात नसून सिटका स्प्रूससारख्या एकसुरी लागवडीत आहेत. ज्या जमिनीचा निसर्ग आधीच पुसला गेला होता, तिथे माणसांना खेळायला जागा केली गेली. २००१च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीने ग्रामीण भाग ओस पडल्यानंतर दक्षिण स्कॉटलंडमध्ये ‘सेव्हन स्टेन्स’ या नावाने उभारलेल्या केंद्रांचे सूत्र हेच होते. त्यांपैकी ग्लेनट्रेस येथे २०२३ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि टॉम पिडकॉकने तेथे सुवर्णपदक पटकावले.

सरकार चालवीत नसेल तर कोणी चालवावे, या प्रश्नाला वेल्समध्येच दोन उत्तरे उपलब्ध आहेत. दक्षिणेस मर्थर टिडफिल या जुन्या लोखंड-कोळशाच्या गावाजवळ २०१३ साली ‘बाइकपार्क वेल्स’ सुरू झाले. जमीन सरकारी वनाची, व्यवसाय खासगी. पैसे भरून गाडीने माथ्यावर जायचे आणि सायकलीने उतरायचे. ते यशस्वी आहे, यात शंका नाही. पण कार्डिफ तेथून तासाभराच्याही आत आहे. डोल्गेथ्लायभोवती मेंढ्या अधिक आणि माणसे कमी. खासगी गुंतवणूकदार गिऱ्हाईक पाहून येतो, आणि आला तर आधी हिरवी वाट राखील की दर आकारता येणारी काळी, याचे उत्तर अवघड नाही. दुसरे उत्तर उत्तरेतील पेनमाख्नोचे. तेथे गावकरी आणि स्वयंसेवक वाटांची निगा राखतात व येणाऱ्याने आपखुशीने पैसे टाकावेत अशी अपेक्षा असते. हे लोभस आहे, पण डिसेंबर २०२४च्या दाराह वादळासारखे एक वादळ येते, शेकडो झाडे आडवी होतात आणि ती हटविण्यासाठी फावडी नव्हेत तर यंत्रे लागतात. लार्च वृक्षांवर पडलेल्या रोगामुळे २०१० पासून वेल्समध्ये प्रचंड तोड करावी लागली. तोड झाली की वाट बंद होते, आणि पुन्हा बांधायची तर खर्च नव्याने. इतका भार स्वयंसेवकांच्या खांद्यावर टाकणे म्हणजे सरकारने आपली जबाबदारी सद्भावनेच्या नावाने झटकणे होय.

तिसरा मार्ग करातून जातो. वेल्सने २०२५ मध्ये पर्यटक निवासावर अधिभार लावण्याची मुभा देणारा कायदा केला. ज्या स्थानिक परिषदा तो स्वीकारतील, तेथे २०२७ पासून हॉटेलात राहणाऱ्याकडून दर रात्री माणशी १ पौंड ३० पेन्स घेता येतील. मात्र तो पैसा परिषदेकडे जाईल आणि वने आहेत दुसऱ्याच संस्थेकडे. येणारा माणूस एकच, त्याने दिलेला पैसा एका खिशात आणि त्याच्यासाठी होणारा खर्च दुसऱ्या खिशातून, ही गुंतवळ सोडविली नाही तर अधिभाराचा एक पेन्सही रानातल्या निचऱ्यापर्यंत पोहोचणार नाही.

या वादाला भाषेचाही पदर आहे आणि सीमेवरच्या मराठी वाचकाला तो चटकन उमजेल. २०२१च्या जनगणनेनुसार ग्विनेदमध्ये सुमारे ६४ टक्के लोक वेल्श बोलतात. वेल्सच्या कोणत्याही परगण्यात हे प्रमाण एवढे नाही. शहरी श्रीमंतांच्या दुसऱ्या घरांनी तेथील घरांच्या किमती अशा वाढविल्या की परिषदेने २०२३ पासून दुसऱ्या घरांवर दीडशे टक्के जादा कर बसविला. गावात घर परवडत नाही आणि रोजगारही नाही, म्हणून तरुण निघून जातात, आणि त्यांच्यासोबत भाषाही जाते. उपाहारगृहातली पंधरा-वीस माणसांची नोकरी लंडनच्या हिशेबात नगण्य असेल. डोल्गेथ्लायच्या शाळेच्या पटावर ती दिसते.

गोव्यात किनाऱ्यापलीकडच्या पर्यटनाचा उच्चार गेली काही वर्षे सातत्याने होत आहे, आणि सत्तरी, सांगे, धारबांदोड्याच्या रानांत साहसी खेळ आणण्याच्या कल्पना त्यातून पुढे येतात. त्यांत माउंटन बाइकही ओघाने आलीच. शिवाय २५० वॅटच्या मर्यादेतील, ताशी २५ किलोमीटरपर्यंतच वेग घेणाऱ्या विजेच्या दुचाकीला आपल्याकडेही मोटारवाहनासारखी नोंदणी लागत नाही, त्यामुळे चढ हा आता फारसा अडसर उरलेला नाही. कायद्याची चौकटही बदलली आहे. वनसंवर्धन कायद्यातील २०२३च्या दुरुस्तीने वन कार्ययोजनेत समाविष्ट असलेल्या निसर्गपर्यटनाच्या सोयींना ‘वनेतर वापरा’च्या व्याख्येतून सूट दिली. प्रकरण न्यायालयात असले तरी रोख स्पष्ट आहे, तो असा की वनात पर्यटन आणणे पूर्वीपेक्षा सोपे व्हावे.

पण कोणत्या वनात? सहा अभयारण्ये आणि एक राष्ट्रीय उद्यान मिळून गोव्याच्या भूमीचा सुमारे पाचवा हिस्सा संरक्षित आहे. म्हादई व्याघ्र प्रकल्पाची अधिसूचना काढावी, असे उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये सांगितले आणि सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. अशा रानात सायकलवाटांची आखणी करणे म्हणजे वेल्सच्या अनुभवातला सर्वांत मौल्यवान भाग वगळून उरलेला उचलणे ठरेल. ब्रिटनने वाटा नेल्या त्या लागवडीच्या रानात. गोव्यात तिच्याशी तुलना होईल अशी जमीन आहे ती सड्यांवर आणि खाणींच्या ढिगाऱ्यांवर लावलेल्या ऑस्ट्रेलियन अकेशियाची. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द केल्यानंतर डिचोली ते सांगेपर्यंतच्या पट्ट्यात रोजगाराचा जो खड्डा पडला, तो सर्वांना ठाऊक आहे. मर्थर टिडफिलने आपल्या कोळशाच्या डोंगराला सायकली लावल्या. येथील ढिगाऱ्यांची स्थिरता, त्यांची मालकी आणि खाणी पुन्हा सुरू करण्याची खटपट लक्षात घेता हे तितके सोपे नाही. तरीही म्हादईच्या खोऱ्यातील सदाहरित रानापेक्षा हा पर्याय आधी तपासण्याजोगा आहे. खुद्द सडेही मोकळी, रिकामी जमीन मानणे चूक होईल. पावसाळ्यात त्यांवर फुलणाऱ्या, अन्यत्र न आढळणाऱ्या वनस्पती पीटसारख्याच चाकाखाली चिरडल्या जातात.

दुसरा मुद्दा परवानगीच्या संस्कृतीचा. २०२३च्या पावसाळ्यात बुडून मृत्यू झाल्यानंतर अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घालण्यात आली. अपघात झाला की दार बंद, आरडाओरडा झाला की पुन्हा उघडे, ही पद्धत सायकलवाटेला लागू केली तर ती एका हंगामापेक्षा जास्त टिकणार नाही. वेल्समधील रंगपद्धती ही मूलतः धोक्याची प्रामाणिक जाहिरात आहे. धोका किती आहे ते आधी सांगायचे, मग निर्णय येणाऱ्यावर सोडायचा. त्यासाठी वाट दर आठवड्याला पाहणारा माणूस लागतो. तो गावातलाच असणे शहाणपणाचे. पण वनहक्क कायद्याखालील दावे ज्या गावांत वर्षानुवर्षे रेंगाळले आहेत, तेथील लोकांना आपल्याच रानातून पाहुण्यांसाठी वाट काढायला सांगणे कसे दिसेल, याचाही विचार व्हायला हवा.

आणि पाऊस. वेल्सच्या ज्या निचऱ्यांचे एवढे कौतुक वर आले, त्यांवर वर्षभर विभागून पडते तेवढे, किंबहुना काही ठिकाणी त्याहून अधिक पाणी घाटाच्या पायथ्याशी चार महिन्यांत कोसळते. जांभ्या मातीची उघडी वाट जूनमधल्या एका दुपारीच ओहोळ होते. म्हणून वाट आखण्याचा खर्च केंद्राच्या एखाद्या योजनेतून मिळेलही, पण सप्टेंबरात ती पुन्हा बांधण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा, हे वनखाते, पर्यटन खाते आणि पंचायत यांनी पहिला दगड बसविण्याआधी एकमेकांना लेखी कळवून ठेवणे बरे. वेल्समध्ये ते तीस वर्षांनंतरही ठरलेले नव्हते.